सम्यक दृष्टी आणि रोजचा संसार

(वर्षावासातील व्याख्यानमालेत नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सम्यक दृष्टी हा अष्टांगिक मार्गातील पहिला भाग होय, हे आपणांपैकी बहुतेकांना आता पाठ झाले आहे. लहान मुलेही आठही अंगांची नावे न अडखळता सांगतात. परंतु आज मला त्या नावाची फोड करून दाखवावयाची नाही. मला बोलावयाचे आहे ते आपल्या घरातील घागरीविषयी, आजाऱ्याच्या अंथरुणाविषयी, दारी आलेल्या अपमानाविषयी आणि सरकारी कागदावरील एका रकान्याविषयी. कारण दीक्षा घेतलेल्या कुटुंबाची पहिल्या वर्षात जी परीक्षा होते, ती याच ठिकाणी होते. ग्रंथावर वाद घालावयास आपल्या दारी कोणी येत नाही.

दीक्षा होते. देव्हारा उतरविला जातो. पिढ्यान्‌पिढ्या पूजलेले टाक नदीत सोडले जातात. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागते. घर कसे मोकळे वाटू लागते. आणि मग दोन महिन्यांनी घरातल्या धाकट्या पोराला ताप भरतो, किंवा दावणीची शेळी मरते, किंवा हातचे काम सुटते. तेव्हा शेजारची एखादी म्हातारी उंबऱ्याशी टेकून हळूच म्हणते, “बाई, देव उठविलेत, आता भोगा.” तिच्या मनात वाईट नसते. पण या एका वाक्याने भक्कम वाटणारी घरे डळमळली आहेत. गुपचूप कोंबडे कापले गेले आहे, अंगारा आणला गेला आहे, आणि रविवारी विहारात वंदनेला येताना त्या घरच्या माणसांची मान खाली गेली आहे.

आता नीट विचार करा. देव्हारा होता तेव्हाही पोराला ताप भरत होता. तेव्हा ताप आला म्हणून देव नाहीत असे कोणी म्हणाले नाही. देवाचे काही करावयाचे राहून गेले असे म्हणाले. ताप दोन्ही वेळा तोच. पावसाळ्यात डास वाढले, साठविलेले पाणी खराब झाले, पोर ओल्यात झोपले. कारणेही बहुधा तीच. मग बदलते काय? त्या तापाचा आपण लावलेला अर्थ. अनुभव आपल्या घरी येतो तेव्हा त्याच्या कपाळावर अर्थ लिहिलेला नसतो. तो आपण लिहितो. आणि बहुधा ज्या लेखणीने लिहितो ती दुसऱ्या कोणी तरी फार पूर्वी आपल्या हाती दिलेली असते.

ही लेखणी कोणाची, हे विचारणे म्हणजे सम्यक दृष्टीचा आरंभ. बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, सम्यक दृष्टीचे प्रयोजन अविद्येचा नाश असे सांगितले आहे. कर्मकांडाने काही साधते ही समजूत सोडणे, ग्रंथ पवित्र म्हणून त्यातील वचन खरे ही समजूत सोडणे, अनुभवाचा आधार नसलेल्या कल्पना सोडणे, आणि मन मोकळे ठेवणे, असा त्याचा आशय आहे. यात डोळे मिटून बसण्याचे काहीच नाही. उलट आजवर मिटविलेले डोळे उघडण्याचे आहे.

मी मरीआईचे उदाहरण घेतो, कारण ती आपल्याच वस्तीची देवी. पटकीची साथ आली की मरीआई कोपली असे म्हणत. गावाने वर्गणी काढावयाची, बळी द्यावयाचा, गाडा सजवावयाचा आणि तो गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडावयाचा. तो शिवेबाहेर नेण्याचे काम कोणाचे? आमचे. मरीआईचे देऊळही पुष्कळ गावांत आमच्याच वस्तीच्या अंगाला. जणू गावाने रोगाचा कारभार आमच्याकडे सोपविला होता.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. १८५४ साली लंडन शहरात पटकीची साथ चालू असता जॉन स्नो नावाच्या वैद्याने माणसे कोणत्या घरांत मरतात याची नोंद केली, आणि ती एका विशिष्ट सार्वजनिक पंपाचे पाणी पिणारी आहेत असे दाखविले. त्या पंपाचा दांडा काढून घेण्यात आला. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला पटकीचे जंतू आपल्याच देशात, कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात सापडले. पटकी दूषित पाण्यातून येते, यात आता कोणाला शंका नाही.

आणि आमच्या वस्तीचे पाणी कोणते होते? गावच्या विहिरीवर आम्हांला पाय ठेवता येत नव्हता. कोणी वरून ओतले तर आमची घागर भरावयाची, नाही तर तासन्‌तास ताटकळावयाचे. नदी असली तर गाव वरच्या अंगाला आणि आम्ही खालच्या अंगाला; वर गुरे धुतली जात, कपडे धुतले जात, आणि तेच पाणी वाहत आमच्या वाट्याला येई. उन्हाळ्यात वाळूत झरा उकरून वाटीवाटीने पाणी भरावयाचे. अशा वस्तीत पटकी प्रथम शिरली तर नवल ते काय? आमच्या बायामुलांना मारणारी ती विहीरबंदी होती. पण मरीआई कोपली असे एकदा म्हटले की विहिरीचे नाव घेण्याचे कारणच उरत नाही. विहीर बंद करणारा निर्दोष सुटतो, आणि ज्याचे पोर गेले तोच अपराधी ठरतो, कारण देवीची सेवा त्याच्याच हातून चुकली असली पाहिजे.

माझ्या माताभगिनींना मी विनंती करतो की या ठिकाणी आपल्या आजीपणजीची थट्टा करू नका. त्यांच्या दारी वैद्य येत नव्हता, आला तरी नाडी धरीत नव्हता. दवाखाना कोसभर दूर आणि तिथेही पायरीखाली उभे राहावयाचे. निंबाचा पाला आणि मरीआईचे नाव यांपलीकडे त्यांच्या हाती काही ठेवलेच नव्हते. त्यांनी आपल्या लेकरांवर जे प्रेम केले ते खरे होते. त्यांना दिलेला अर्थ खोटा होता. आज तुमच्या हाती मीठ-साखरेचे पाणी आहे, सरकारी दवाखाना आहे, लस आहे. देवी म्हणून जिची पूजा होई तो रोग लस टोचण्याने भारतातून १९७५ साली हटला, आणि १९८० साली साऱ्या जगातून तो गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. जो रोग शेकडो वर्षे नवसाने गेला नाही तो टोचणीने गेला. तेव्हा शेजारची म्हातारी उंबऱ्यावर आली तर तिला रागे भरू नका. तिला आत बोलवा, पोराला दवाखान्यात नेताना सोबत घ्या. तिचे उत्तर तिला तिथे मिळेल.

पाण्याची गोष्ट निघाली आहे तर महाडला गेलेच पाहिजे. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे असावेत असे ठरले. महाड नगरपालिकेने १९२४ साली तो मान्य केला. चवदार तळे कागदावर आमचे झाले. पाणी मात्र कोणी प्याले नाही, कारण तशी कोणाची छाती होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्याकाठी गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. पुढे काय झाले ते तुम्हांला ठाऊक आहे. माणसांना मारहाण झाली, आणि तळ्यात गोमूत्र, शेण, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले.

त्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती, इतर धर्मांची माणसे पाणी भरीत होती; त्यांच्याने ते बाटत नव्हते. आम्ही प्यालो तेव्हा पाण्यात कोणता फरक पडला? एक थेंब कमी झाला असेल तेवढाच. पण काठावरच्या एका माणसाला ते बाटलेले दिसले आणि दुसऱ्याला त्यात आपले माणूसपण दिसले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुन्हा महाडला परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट केले की हे पाणी न पिता आपण आजवर जगलो आहोत, ते प्याल्याने कोणी अमर होणार नाही. आपण तिथे जातो ते इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करावयास. तहानेचा अर्थच त्यांनी बदलला. आणि तो मनातल्या मनात बदलून ते थांबले नाहीत. तो खटला १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात आमच्या बाजूने निकाली निघेपर्यंत चालला.

भगवान बुद्धांच्या चरित्रातही बाबासाहेबांना पाणीच दिसले, ही गोष्ट मला फार विचार करण्याजोगी वाटते. सिद्धार्थाने एक म्हातारा, एक रोगी आणि एक प्रेत पाहिले आणि वैराग्याने घर सोडले, अशी परंपरागत कथा आहे. बाबासाहेबांनी ती पत्करली नाही. म्हातारपण, रोग आणि मरण या रोजच्या घटना आहेत. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने त्या तोवर पाहिल्याच नव्हत्या हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला. शाक्यांच्या सभेत बहुतेकांना त्या तंट्यात आपल्या कुळाची अब्रू दिसली. म्हणून युद्ध हवे. सिद्धार्थाला त्यात वैराने वैर वाढण्याचा क्रम दिसला; म्हणून त्याने युद्धाला विरोध केला, आणि बहुमत विरुद्ध गेल्यावर आपल्या कुटुंबावर संकट येऊ नये म्हणून परिव्रज्या पत्करली. नदी एक, तंटा एक, पाहणारे दोन. ज्याने वेगळे पाहिले त्याला त्याची किंमत मोजावी लागली, हेही विसरता कामा नये.

आता एक कडू गोष्ट बोलतो. खोटा अर्थ नेहमी शिवीच्या रूपाने येत नाही. कधी तो मानाच्या रूपाने येतो. आपल्या वाडवडिलांकडे महारकीचे वतन होते. गावाची राखण करणे, टपाल पोचविणे, मेलेले जनावर ओढणे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, रात्री-अपरात्री हाक आली की उठणे. त्याबद्दल येसकराने घोंगडी खांद्यावर टाकून, घुंगरांची काठी हाती घेऊन, दारोदार शिळी भाकर मागावयाची. या भाकरीला आम्ही काय म्हणत होतो? हक्क. बावन्न हक्कांची सनद आमच्या पूर्वजाला बादशहाने दिली, अशी कथा अभिमानाने सांगितली जाई. भावाभावांत येसकराच्या पाळीवरून भांडणे होत. भीक होती, पण तिच्यावर हक्काचे नाव कोरले होते. त्यामुळे ती सोडावी असे कोणाला वाटेना.

बाबासाहेबांनी हे बरोबर हेरले. महाडच्या परिषदेतच त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टी भाकर सोडण्यास सांगितले, आणि १९२८ साली महार वतनाविषयीचे बिल कौन्सिलात मांडले. त्यांना आपल्याच माणसांचा विरोध झाला. वतन गेले तर खाऊ काय, असे म्हणणाऱ्याची चूक तरी कशी म्हणावी? पोट रिकामे होते. परंतु खरा हक्क आणि हक्काच्या नावाने दिलेला तुकडा यांतील भेद ज्याला दिसला, त्याच्या हातून ती काठी आपोआप गळाली. पुढे १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील असली कनिष्ठ गाववतने नष्ट झाली. कित्येक गावांत आमच्या माणसांनी त्याआधीच काठी चावडीत नेऊन ठेवली होती. जोहार गेला आणि जयभीम आला तोही असाच. वाकून जोहार घालणारी कंबर सरळ झाली.

मुलांच्या नावांचेही तेच. शूद्राचे नाव तुच्छता दाखविणारे असावे असे मनुस्मृतीत सांगितले आहे. आम्ही ती पोथी वाचलेली नव्हती, तरी पोर जगावे, कोणाची नजर लागू नये म्हणून त्याला कचरू, धोंडू, दगडू म्हणत होतो. आज त्याच घरांत सिद्धार्थ आहेत, राहुल आहेत, सुजाता आहेत. आमच्या कचरूकाकांनी काही नाव बदलले नाही, आणि बदलावे असेही नाही. ते नाव त्यांनी आपल्या कष्टाने मोठे केले आहे.

इथे मला एका धोक्याची सूचना द्यावयाची आहे. दृष्टी बदला म्हणजे दुःख संपते, असे सांगणारे साधूसंत आणि पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत. मनाला लावून घेऊ नका, सर्व काही मानण्यावर आहे, असे ते गोड आवाजात सांगतात. या उपदेशाचे आणि पूर्वजन्मीच्या कर्माच्या उपदेशाचे गोत्र एकच आहे. एक म्हणतो, तुझे दुःख तुझ्या मागल्या जन्माचे; दुसरा म्हणतो, तुझे दुःख तुझ्या मनाचे. दोघेही विहिरीच्या मालकाकडे पाहत नाहीत. बाबासाहेबांनी मागल्या जन्मीच्या पापाने या जन्मीची गरिबी येते हा सिद्धांत बुद्धाचा नव्हे असे ठासून सांगितले, ते याचसाठी.

मग भगवंतांनी अपमानाविषयी काय शिकविले? एक ब्राह्मण त्यांच्याकडे येऊन शिवीगाळ करू लागला. भगवंतांनी त्याला विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात काय? त्यांच्यापुढे तू अन्न ठेवतोस काय? आणि त्यांनी ते घेतले नाही तर ते कोणाचे राहते? ब्राह्मण म्हणाला, माझेच. मग तुझी ही शिवीही मी घेत नाही, ती तुझ्यापाशीच राहिली, असे भगवंत म्हणाले. ही कथा आपल्या प्रत्येक मुलाला सांगा. शाळेत, वसतिगृहात, कचेरीत जातीवरून टोमणा आला की त्याच्या मनात प्रथम हीन भाव येतो. तो येऊ देऊ नका. टोमण्याने बोलणाऱ्याची पातळी कळते, ऐकणाऱ्याची नव्हे.

परंतु शिवी मनाने नाकारणे निराळे आणि कायद्याने तिचा जाब विचारणे निराळे. दोन्ही एकाच वेळी करता येते व केले पाहिजे. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा १९७६ साली अधिक कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने चालू झाला, आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. मन शांत ठेवून फिर्याद लिहिली तर ती अधिक चांगली लिहिली जाते, एवढे मी अनुभवाने सांगतो. तारीख, वेळ, ठिकाण, बोललेले शब्द आणि साक्षीदार यांची नोंद त्याच दिवशी करून ठेवावी.

घरात मृत्यू झाला म्हणजे नातेवाईक जमतात आणि दहाव्याचा विषय काढतात. श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आपण बावीस प्रतिज्ञांत घेतली आहे. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे मृताची इच्छा राहिली, अशी समजूत. मग भर उन्हात माणसे बसून तर्क करतात, इच्छा जमिनीची राहिली की धाकटीच्या लग्नाची, आणि कोणी तरी कर्ज काढून वचन देतो. कावळ्याला भूक असेल तर तो येईल, जवळ माणसे असतील तर बिचकेल. बापाची इच्छा काय होती हे बापाला जिवंतपणी विचारावे. किसा गोतमीला मेलेल्या बाळासाठी औषध हवे होते. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आण, असे भगवंतांनी तिला सांगितले. ती घरोघर फिरली. मोहरी प्रत्येक घरात होती. तसे घर मात्र एकही नव्हते. तिचे दुःख कोणी हिरावून घेतले नाही, पण ती त्यात एकटी राहिली नाही.

शेवटी त्या सरकारी रकान्याचे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर बौद्धांची संख्या सुमारे अडीच हजार होती. १९६१ साली ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. मधे १४ ऑक्टोबर १९५६ होता. ही माणसे कोठून आली नव्हती, इथलीच होती. त्यांनी स्वतःला काय म्हणावयाचे ते ठरविले. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे बौद्धाला अनुसूचित जातीचा मानीत नव्हते. महाराष्ट्र राज्याने आपल्या हातातील सवलती नवबौद्धांना दिल्या, तरी केंद्राच्या दारात अडचण होती ती १९९० साली तो आदेश दुरुस्त होईपर्यंत. त्या मधल्या चौतीस वर्षांत पुष्कळ घरांत बाप विहारात बौद्ध आणि मुलगा दाखल्यावर हिंदू, अशी स्थिती होती. त्यांना मी दोष देत नाही. शिष्यवृत्ती गेली असती तर मुलगा शिकला नसता.

पण १९९० नंतर ती अडचण कायद्याने उरलेली नाही. तरीही अजून पुष्कळ घरांत भीतीने जुनेच लिहिले जाते, कारण कोणी तरी केव्हा तरी सांगितलेले असते की बौद्ध लिहिले तर सवलत जाते. ही समजूतही मरीआईसारखीच ऐकीव आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे, आणि अनुसूचित जातीविषयी विचारले असेल तिथे आपली पूर्वीची जात लिहावी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही कायद्याला मान्य आहेत. जनगणनेचा प्रगणक दारी येईल तेव्हा तो विचारीपर्यंत थांबू नका व त्याला अंदाजाने लिहू देऊ नका. धर्म बौद्ध असा तोंडाने सांगा आणि त्याने काय लिहिले ते वाचून पाहा. घरातील बाई एकटी असेल तर तिलाही हे ठाऊक असले पाहिजे, म्हणून आजच रात्री जेवताना हे बोलून ठेवा.

वंदनेनंतर मी इथेच थांबणार आहे. मुलांच्या दाखल्यावर किंवा रेशनच्या कागदावर धर्माची नोंद दुरुस्त करावयाची असेल, किंवा जातीच्या दाखल्याचा अर्ज भरावयाचा असेल, त्यांनी आपले कागद घेऊन यावे. चष्मा विसरलेल्यांना वाचून दाखविण्यास आपली महाविद्यालयातील मुले-मुली बसणार आहेत.

जयभीम. नमो बुद्धाय.